काल केजला जेवलो

एका माणसाच्या जेवणाबद्दल मी साहेबांपुढे चार शब्द चांगले बोललो, आणि तिसऱ्या दिवशी त्या माणसाला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

यात माझा हेतू वाईट नव्हता. तसा माझ्या आजवरच्या कुठल्याच गाढवपणात माझा हेतू वाईट नव्हता, आणि त्यामुळेच तो गाढवपणा इतका मन लावून झालेला आहे.

त्या माणसाला सगळी कचेरी नाना म्हणायची. नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकात. कचेरी बीडची, मोठी, सरकारी. कुठल्या खात्याची ते सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून ओळख देतात. जिन्याखाली एक अंधारी खोली होती आणि तिच्यात दोऱ्या-खुंट्यांचा जुना टेलिफोन बोर्ड. तालुक्याहून फोन आला की बोर्डावरची एक पितळी चकती टक्कन खाली पडायची. नाना खुंटी खोचायचे आणि म्हणायचे, "बोला." हॅलो म्हणायचे नाहीत. हॅलो या शब्दावर त्यांचा राग होता.

मी तिथं गेलो तो हा बोर्ड काढायला. चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडत होते ते दिवस. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं मला डिप्लोमाच्या जोरावर उचललं होतं आणि घाटनांदूरचा म्हणून बीडला पाठवलं होतं. पुण्याच्या साहेबाला घाटनांदूर आणि बीड म्हणजे एका गल्लीतली दोन घरं वाटायची. मी मात्र बसस्टँडमागच्या एका लॉजवर राहायचो आणि मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून जेवायचो. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते मला पाठ झालं होतं.

आमचं मशीन म्हणजे फ्रीजएवढं लोखंडी खोकं. फोन, फॅक्स, कॉम्प्युटरचे निरोप सगळं त्यातूनच जाणार, आणि साहेब खुर्चीत बसल्या बसल्या सहाही तालुक्यांशी एका वेळी बोलणार. मीटिंगसाठी कुणाला बीडला बोलावणं नको, प्रवासभत्ता नको, जीप नको. कंपनीच्या माहितीपत्रकावर छापलं होतं : 'जागेवरून न हलता सगळीकडे हजर राहा.' नाना हे बारा वर्षं करत होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यासाठी त्यांना मशीनही लागत नव्हतं.

रोज सकाळी दहाला नाना लाईनी तपासायचे. हे त्यांचं नेमून दिलेलं कामच होतं. आष्टी, पाटोदा, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, असे सहा ठिकाणी सहा फोन. तिकडं तालुक्याच्या कचेरीत फोनवर बसणारा माणूस उचलायचा, नाना म्हणायचे, "बोला. आज भाजी काय?" तिकडून उत्तर यायचं. तेवढं ऐकून नाना खुंटी काढायचे आणि रजिस्टरात लिहायचे : 'आष्टी – लाईन चांगली – मेथी. पाटोदा – खरखर – पिठलं. केज – लाईन चांगली – वांगं.' अशी बारा रजिस्टरं कपाटात लावून ठेवलेली. अक्षर मोत्याचं.

मी कामाला लागलो तेव्हा हा प्रकार मला ठाऊक नव्हता. जुन्या बिघाडांचा अभ्यास करावा म्हणून मी रजिस्टरं मागून घेतली, दोन दिवस तक्ते बनवले आणि वही-पेन घेऊन नानांकडे गेलो. विचारलं, "नाना, पावसाळ्यात हा शेपू फार दिसतो. शेपू म्हणजे नेमका कसला बिघाड?"

नानांनी माझ्या वहीतला तक्ता बघितला. मग म्हणाले, "शेपू ह्यो बिघाडच हाय."

हे उत्तर मी वहीत लिहून घेतलं. पुढं कचेरीतल्या कारकुनांनी ती वही बघितली, आणि त्यानंतर महिनाभर मला कँटीनमध्ये कुणी चहा पिऊ दिला नाही. समोर आलो की त्यांना हसून ठसका लागायचा.

भाजी विचारण्यामागं नानांचं शास्त्र होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, बोर्डावरची नजर न काढता. "हॅलो हॅलो म्हनताना समदे खोटं बोलतेत, इंजिनेर. तो आवाज फोनसाठी काढल्याला आसतो. त्येच्यावरून लाईन कळत न्हाई. भाजी इचारली की मानूस क्षनभर डब्याकडं बघतो, आन मग त्येचा सोताचा आवाज येतो. तो नीट आला तर लाईन नीट." मी माझ्या हजारो रुपयांच्या मीटरनं त्याच लाईनी मोजल्या. एकदाही नाना चुकले नव्हते.

वर्षातून एक दिवस ते रजा घ्यायचे, कपिलधारला जायला. घरचं शिवाचं, गळ्यात लिंग, आणि तिथल्या धबधब्याखाली उभं राहिल्यावर कानातली वर्षभराची खरखर धुऊन निघते असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी बोर्डावर शिपाई बसायचा आणि नुसतं हॅलो म्हणून फोन ठेवायचा. त्या एका दिवशी सहाही तालुके दुपारपर्यंत लेखी कळवायचे की लाईन खराब आहे.

या सहा माणसांना नानांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायचंही नव्हतं. एकदा गेवराईचे ऑपरेटर, उमापूरकडचे कुणी गृहस्थ, दवाखान्याच्या कामाला बीडला आले. इतकी वर्षं रोज बोलतो, भेटून जावं, म्हणून पिशवीत बोरं घेऊन जिन्याखाली उभे राहिले. मी तिथंच वायरी मोजत होतो. त्यांनी विचारलं, नाना कुठंत? नानांनी मान वर न करता, घशातून कसलासा चिरका आवाज काढून सांगितलं, "रजेवर हायेत." पाहुणे बोरं टेबलावर ठेवून गेले.

मी म्हटलं, नाना, हे काय केलंत?

"त्येला बघितला आसता तर उद्यापासून फोनवर त्योच दिसला आसता," नाना म्हणाले. "माझा गेवराईवाला येगळा हाय. उंच हाय." आणि बोरं त्यांनी मला दिली.

आता नोटिशीकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

नानांच्या तोंडी एक वाक्य सारखं असायचं. सकाळी मी गेलो की म्हणायचे, "काल केजला जेवलो. वांगं लई झणझणीत हुतं." दोन दिवसांनी, "काल आष्टीला." मग, "काल अंबाजोगाईला, पर भाकर जरा करपली." मी हिशेब लावला : साडेपाचला कचेरी सुटते, हा माणूस एसटीनं तालुक्याला जातो, जेवतो, शेवटच्या गाडीनं परत येतो. गेवराईवाल्याला ज्यानं माझ्यासमोर हाकलला, तो तालुक्यांना जेवायला कसा जाईल, हा विचार माझ्या डोक्यात शिरला नाही. माझ्या डोक्यात त्या वर्षी फक्त मशीन होतं.

महिन्याच्या आढाव्यात आस्थापनेच्या साहेबांनी विचारलं, की नवं मशीन आल्यावर जुन्या ऑपरेटरचं काय करायचं, तो दिवसभर करतो तरी काय? मला वाटलं, हीच वेळ. मी उभा राहिलो. (मी उभा राहून बोललो की काहीतरी होतंच.) सांगितलं की साहेब, असा कर्मचारी सापडणार नाही. हा माणूस कचेरी सुटल्यावर स्वतः होऊन तालुक्यांना जातो, तिथल्या लोकांत बसून जेवतो, आठवड्यात तीन-चारदा तरी जातो. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मुख्यालय सोडून? परवानगी घेतो का?"

मी म्हणालो, "नाही साहेब, परवानगीची वाट न बघता जातो." हेही मी कौतुकानंच म्हणालो.

नोटिशीचा विषय असा होता : 'पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडून तालुक्याच्या ठिकाणी वारंवार भोजनास गेल्याबाबत.' निवृत्तीला पाच महिने राहिलेले. नानांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दहा वाजले होते म्हणून आष्टीची खुंटी खोचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा दिला. आस्थापनेच्या कारकुनानं मला दाखवला. मोत्याच्या अक्षरात दोन ओळी : 'नोटिशीतील मजकूर खरा आहे. यापुढे जाणार नाही.'

त्या संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या खोलीवर गेलो. पेठेतल्या एका दुकानामागची खोली, दार उघडंच. नाना स्टोव्हसमोर पाटावर बसले होते. भांड्यात भात शिजत होता. भिंतीवर शाळेतल्या पोराची असते तशी पाटी टांगलेली, तिच्यावर खडूनं सहा तालुक्यांची नावं आणि प्रत्येकापुढं एकेक भाजी. गेवराईपुढं चुका. चुक्याला गोल केलेला.

मी उभ्याउभ्या पाटी वाचली. मग स्टोव्ह पाहिला, मग एकच ताट, एकच तांब्या. मशीनचा मेंदू जुळवणाऱ्या माणसाला एवढी जुळवाजुळव करायला बराच वेळ लागला.

"म्हणजे तुम्ही कुठं जातच नाही," मी म्हणालो.

"कुटं जानार? गुडघे हायेत का जायाला?" नाना भात हलवत म्हणाले. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. पोर झालं नाही. एकट्यासाठी रोज भाजी कुठली करायची हेच सुचेना. मंडईत तासभर उभं राहून रिकाम्या पिशवीनं परत यायचे. मग त्यांनी सकाळच्या सहा भाज्यांतली एक उचलायला सुरुवात केली. गेवराईनं चुका सांगितला की संध्याकाळी चुका आणायचा, निवडायचा, डाळ घालून शिजवायचा, आणि जेवताना गेवराईवाला समोर बसलाय असं धरून चालायचं. त्याच्याशी बोलायचं. तो उंच.

मी विचारलं, आज मग नुसता भात का?

"लिहून दिलंय न्हवं साहेबाला, जानार न्हाई म्हनून."

मी म्हणालो, की अहो, हेच खरं खरं लिहायचं होतं खुलाशात. गुन्हाच घडलेला नाही तर कबूल कशाला केला?

नाना हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दोन दात नव्हते. "फाईल सहा टेबलांवरनं जाती, इंजिनेर. म्या गेलतो म्हनलं तर गुन्हेगार झालो. न जाता जेवलो म्हनलं तर येडा. गुन्हेगाराला माफी मिळती." मग भांडं उतरवत म्हणाले, "ह्ये कुनाला सांगू नगा." मी शब्द दिला. तो मी आजवर पाळला होता.

नोटीस लेखी ताकीद देऊन मिटली. पण साहेबांनी शेरा मारला : नवं मशीन सुरू झालं की ऑपरेटरला अभिलेख कक्षात बसवावं. म्हणजे तळघरातल्या जुन्या फायलींत. माझं मशीन ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी दहाचे सहा फोन बंद. ते सुरू करणं माझ्याच हातात होतं, म्हणून मी ते सुरू करेना. पुण्याला कळवलं की एक पार्ट सदोष आहे. पुण्यानं पार्ट पाठवला. मी कळवलं, हाही सदोष आहे. तिसऱ्या वेळी पुण्यानं कळवलं की सदोष पार्ट बहुधा आम्ही घाटनांदूरहून घेतलेला आहे.

मग मला ती युक्ती सुचली. युक्ती अशी, की सहा तालुके एकत्र जोडण्याची पहिली चाचणी मोठ्या साहेबांसमोर घ्यायची आणि ती नानांच्या हातून घ्यायची. साहेबांना दिसेल की मशीन कितीही शहाणं असलं तरी त्याच्यापुढं हा माणूस हवा. उरलेले महिने नाना मशीनसाठी केलेल्या नव्या काचेच्या खोलीत बसतील, दहा वाजतील, सगळं जिथल्या तिथं. नाना तयार नव्हते. "सहा जन एका टायमाला? कशाला?" असं तीनदा म्हणाले. मी म्हटलं, माझ्यासाठी. ते म्हणाले, "तुमच्यासाठीच नगं वाटतंय." पण आले. धोतर बदलून आले.

दहा वाजले. मोठे साहेब मधल्या खुर्चीत, आस्थापनेचे साहेब शेजारी, मी मशीनपाशी. मी एकेक बटण दाबलं, सहा हिरवे दिवे लागले आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून सहा माणसांचा श्वास ऐकू यायला लागला, इतका स्वच्छ की पाटोद्याच्या कचेरीतला पंखासुद्धा कळत होता. साहेब म्हणाले, "करा टेस्ट."

नाना माइकपुढं वाकले. मग सवयीनं, दुसरं काही येतच नव्हतं म्हणून, म्हणाले, "बोला. आज भाजी काय?"

सहाही जण एकदम बोलले. मेथी, दोडका, पिठलं, काय काय. आणि मग सहाही जण एकदम गप्प झाले.

आधी पाटोदा बोललं. "नाना, ह्ये तुमी समद्यांनाच इचारता व्हय?"

आष्टीला एक बाई होत्या, नवऱ्याच्या जागेवर लागलेल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, मलाच इचारतेत. म्या कधी उपाशी आले तरी कायतरी सांगायची, तुमास्नी बरं वाटावं म्हनून."

माजलगाव खाकरलं. अंबाजोगाईनं फोन ठेवला. एक हिरवा दिवा विझला. मी मशीनकडे बघत होतो, जणू तिथं दुरुस्त करण्यासारखं काही होतं. तेवढ्यात गेवराईवाले सावकाश म्हणाले, "नाना, आज आवाज लई साफ येतोय तुमचा. त्या दिवशी रजेवर हायेत म्हनून सांगनारे तुमीच हुता न्हवं?"

मोठे साहेब खूश झाले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण आवाज कळला होता. म्हणाले, "वा! शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं आहे. याला ऑपरेटरची गरजच काय?" आणि तिथल्या तिथं काम समाधानकारक पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. कंपनीनं ते पत्र चौकटीत लावलं. माझं नाव आहे त्याच्यावर.

नानांनी उठून जिन्याखालच्या खोलीतून रजिस्टर आणलं. उभ्यानं लिहिलं : 'सहाही लाईनी चांगल्या.' भाजीचा रकाना कोरा ठेवला. मग रजिस्टर कपाटात ठेवायला गेले ते तिकडूनच तळघरात गेले.

जाताजाता मी एक गोष्ट केली. यादीत नसताना अभिलेख कक्षात एक फोन बसवून दिला. थेट लाईन, कुठूनही लागेल असा. सहाही तालुक्यांना तो नंबर कळवला. नाना त्या फोनकडे बघून म्हणाले, "बरं झालं, फायली उडत न्हाईत आता," आणि तो एका गठ्ठ्यावर ठेवला.

पुढं कंपनीनं मला दुसऱ्या जिल्ह्यात तेच खोकं बसवायला पाठवलं. दुसरं लॉज, दुसरी मेस, भिंतीवर दुसरं कॅलेंडर. महिनाभरात शिपायाकडून कळलं की तळघरातला फोन एकदाही वाजलेला नाही. एक दिवस सकाळी मी नव्या मशीनसमोर बसलो होतो. समोर हिरव्या दिव्यांची रांग, आणि एकाही दिव्यामागं माझ्या ओळखीचं कुणी नाही. घड्याळात दहा वाजले. म्हटलं, आज आपण फोन करू. कसं म्हणायचं ते मनाशी दोनदा घोकलं, घसा साफ केला, आवाजात हसू आणलं आणि नंबर फिरवला. खरं सांगायचं तर त्यांनी उलटून मला विचारावं असं मला वाटत होतं. आदल्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

फोन बराच वेळ वाजला. मग तोच शब्द आला. "बोला."

"नाना," मी म्हणालो, "आज भाजी काय?"

तिकडं एक फाईल खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग नाना म्हणाले,

"लाईन चांगली हाय, इंजिनेर. आवाज खोटा येतोय तुमचा. ठेवा."